ध्वज उतरवण्याचे काम कोणाचे?

आपल्या प्रशासनाला कोणत्याही कामाचा आरंभ उत्तम जमतो. कोनशिला, फीत, पहिल्या दिवसाचे छायाचित्र आणि पहिल्या आठवड्याचा अहवाल यांत आपण सहसा कमी पडत नाही. त्यानंतरची देखभाल आणि शेवटची आवराआवर मात्र कोणाच्याच कार्यभारात लिहिलेली नसते. झाडे लावली जातात, पण त्यांना पाणी घालणारा नेमला जात नाही. हातपंप बसतो, पण त्याचा वॉशर बदलणारा सापडत नाही. ही जुनी खोड आहे आणि तिच्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु गेल्या काही वर्षांत ती राष्ट्रध्वजापर्यंत पोचली आहे, आणि तिथे ती नुसती गैरसोयीची राहत नाही. म्हणून हा लेख.

नोकरीनिमित्त मी लखनौमध्ये, अमौसीच्या बाजूला राहतो. महाराष्ट्रातून विमानाने येणारे मराठी वाचक इथेच उतरतात, त्यामुळे विमानतळ, औद्योगिक वसाहत आणि त्यांच्यालगतचा कानपूर रोड अनेकांच्या ओळखीचा असेल. १५ ऑगस्टच्या आधी आठवडाभर या रस्त्यावर चौकाचौकांत तिरंगे विकले जातात. दुकाने, कारखान्यांची फाटके, ट्रक, ई-रिक्षा, घरांच्या गच्च्या, सगळीकडे ते लागतात. हे दृश्य मला मनापासून आवडते. पण सप्टेंबर उजाडतो तेव्हा त्याच गच्च्यांवर तेच ध्वज असतात. पावसात भिजून काठीला गुंडाळलेले, एका कडेने उसवलेले, केशरी रंग उडून फिकट गुलाबी झालेले. दिवाळीपर्यंत काहींची लक्तरे होतात. ज्याने तो ध्वज लावला त्याच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही; प्रेम होते म्हणूनच त्याने तो लावला. माझा आक्षेप त्याच्यावर नाही. ज्या व्यवस्थेने त्याला ध्वज चढवायला सांगितले आणि उतरवण्याविषयी, उतरवल्यावर त्याचे काय करायचे याविषयी काहीच सोय केली नाही, त्या व्यवस्थेवर आहे.

यात एवढे काय बिघडले, असे विचारणाऱ्यांसाठी हा ध्वज मुळात काय आहे ते पाहू.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजाचा ठराव स्वीकारला. तो पंडित नेहरूंनी मांडला होता. ठराव मोजून चार-पाच वाक्यांचा आहे आणि तो काय सांगतो याइतकेच तो काय सांगत नाही हेही पाहण्यासारखे आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन समान आडवे पट्टे. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गर्द निळे चक्र. त्याचा व्यास साधारणपणे पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका. ध्वजाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण सामान्यतः २:३. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे ठरावात नाही. चक्राला आरे किती, हेही नाही. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावर जसे चक्र आहे तसे, एवढेच म्हटले आहे, आणि त्यावरून चोवीस आरे आले. (हे सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडले, आणि ते उत्खनन करणारा फ्रेडरिक ओर्टेल हा सार्वजनिक बांधकाम खात्यातला अभियंता होता, हे आपल्या सरकारी अभियंत्यांना सांगायला मला नेहमी आवडते.) त्याग, सत्य आणि मातीशी नाते हे रंगांचे अर्थ त्या दिवशीच्या चर्चेत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी आपल्या भाषणात उलगडून सांगितले. ठरावाच्या शब्दांत मात्र अर्थ एकाच गोष्टीचा दिला आहे. हे चक्र चरख्याचे प्रतीक आहे.

या एका वाक्यामागे पंचवीस वर्षांचा इतिहास होता. १९२१ मध्ये बेजवाड्याला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे ध्वजाचा आराखडा ठेवला, तेव्हापासून चरखा ध्वजावर होता. १९३१ मध्ये काँग्रेसने स्वीकारलेल्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या ध्वजावरही अख्खा चरखा होता. १९४७ मध्ये त्यातले फक्त चाक उरले. त्याचे कारण नेहरूंनी अगदी व्यावहारिक दिले: ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, आणि चरखा एका बाजूने पाहिला तर चाक इकडे आणि चाती तिकडे, दुसऱ्या बाजूने पाहिला तर उलट. चाक राहिले, पण ते चरख्याचेच, हे ठरावात लिहून ठेवले गेले. त्या दिवशी सभेपुढे दोन ध्वज होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा.

पुढे कापडाचा हा संकेत नियमात उतरला. भारतीय मानक संस्थेने आपल्या मानकांना क्रमांक द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाला दिला. १९५१ मध्ये ते मानक आले आणि मेट्रिक पद्धत आल्यावर १९६८ मध्ये सुधारून निघाले. धागा, वीण, कापडाची मजबुती, रंगांची छटा आणि पक्केपणा, शिलाई, सगळे त्यात आहे. धारवाड जिल्ह्यातल्या गरग गावी हे कापड विणले जाते. हुबळीजवळच्या बेंगेरीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या शिलाईखान्यात त्याचे ध्वज होतात. आपल्याकडे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला ध्वज तयार करते. त्यासाठीचे कापड उदगीरला विणले जाते. म्हणजे मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत जो ध्वज चढत होता त्याच्या मागे कोणीतरी सूत काततो, कोणीतरी विणतो, कोणीतरी शिवतो, अशी हातांची रांग होती. चक्र चरख्याचे होते आणि कापडही चरख्याचे होते.

३० डिसेंबर २०२१ च्या आदेशाने ही जोडी सुटली. २००२ च्या भारतीय ध्वजसंहितेच्या पहिल्या भागात राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या खादीचा असावा, असे होते. आता यंत्रावर तयार केलेले कापड आणि पॉलिएस्टरही चालते. संहिता हा संसदेचा कायदा नसून कार्यकारी सूचनांचा संच आहे, त्यामुळे यावर सभागृहात चर्चा व्हावी लागली नाही. सात महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, दुसरी दुरुस्ती झाली. नागरिकांनी उघड्यावर किंवा घरावर लावलेला ध्वज पूर्वी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच ठेवायचा होता; आता तो दिवसरात्र ठेवता येतो. त्यानंतर लगेच १३ ते १५ ऑगस्टला ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली. उद्दिष्ट २० कोटी घरांचे होते.

या दोन दुरुस्त्यांनी ध्वज स्वस्त झाला आणि संध्याकाळी तो उतरवण्याची तसदी संपली. दोन्ही गोष्टी लोकांच्या सोयीच्या म्हणून सांगितल्या गेल्या. मला त्यांत प्रशासनाची सोय जास्त दिसते.

लखनौमध्ये राहणाऱ्याला रात्रीच्या ध्वजाचा एक जुना दाखला ठाऊक असतो. १८५७ च्या सप्टेंबरात हॅवलॉकची फौज कानपूरहून आलमबागेकडे आली ती साधारण याच, आजच्या कानपूर रोडच्या दिशेने. तिला पोचायचे होते रेसिडेन्सीत वेढल्या गेलेल्या इंग्रजांपर्यंत. त्या वेढ्याच्या स्मरणार्थ पुढे रेसिडेन्सीच्या पडक्या बुरुजावर युनियन जॅक रात्रंदिवस ठेवला गेला. साम्राज्यात इतरत्र सूर्यास्ताला ध्वज उतरत असे. इथे तो कधीच उतरत नसे. लखनौच्या माणसाने दिवसाच काय, मध्यरात्री मान वर केली तरी आपण हरलो आहोत हे त्याला दिसावे, असा तो बंदोबस्त होता. १३ ऑगस्ट १९४७ च्या रात्री तो ध्वज गाजावाजा न करता उतरवला गेला आणि त्याचा खांबही कापून टाकण्यात आला. न उतरणारा ध्वज ही जेत्यांची परंपरा होती. आपण स्वतंत्र झाल्यावर ध्वज सकाळी चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा, ही शिस्त ठेवली. ज्याला ध्वज रोज हातात घ्यावा लागतो त्याला त्याची उसवलेली कड रोज दिसते. त्या शिस्तीचा सगळा उपयोग इथे आहे.

इथे एक तांत्रिक पण महत्त्वाचा मुद्दा नोंदवतो, कारण अनेक अधिकाऱ्यांच्याही तो लक्षात आलेला दिसत नाही. २०२२ ची दुरुस्ती संहितेच्या दुसऱ्या भागात आहे, आणि तो भाग नागरिक, खाजगी संस्था व शाळा-महाविद्यालयांसाठी आहे. सरकारी इमारतींचे नियम तिसऱ्या भागात आहेत. सूर्योदय ते सूर्यास्त, रविवारी आणि सुटीच्या दिवशीही, हवामान कसेही असो, हा नियम तिथे आहे. ध्वज झपाट्याने चढवावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा, हेही तिथेच आहे. तरीही आता रात्रीही चालते, असे सांगून ध्वज तसाच ठेवणारी कार्यालये मी पाहिली आहेत. नागरिकाला दिलेली सवलत साहेबांच्या कार्यालयाने परस्पर आपल्याकडे वळवून घेतली.

आता कापडाकडे वळू. संहिता म्हणते की ध्वज फाटला किंवा मळला तर तो कुठेही टाकू नये. एकांतात, शक्यतो जाळून, किंवा त्याचा मान राखला जाईल अशा अन्य रीतीने तो संपूर्ण नष्ट करावा. खादीचा ध्वज जाळला तर मूठभर राख उरते. पॉलिएस्टर तसे जळत नाही. ते वितळते, ठिबकते, काळा धूर सोडते आणि त्याचा कडक गोळा होतो. ज्यांनी कापडाचा नियम बदलला त्यांनी विल्हेवाटीचा नियम तसाच ठेवला. कोट्यवधी घरांत पॉलिएस्टरचा ध्वज पोचवताना त्या घरातल्या गृहिणीने सप्टेंबरात तो कसा नष्ट करावा, याचे उत्तर कोणत्या परिपत्रकात आहे? ती तो जाळू शकत नाही, कचऱ्यात टाकायला तिचे मन धजत नाही आणि परत घेणारे कोणी नाही. मग तो गच्चीवरच राहतो. कानपूर रोडवरच्या लक्तरांचे खरे कारण हे आहे. त्यात बेपर्वाईपेक्षा कोंडी जास्त आहे.

छपाईचेही तेच. चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसले पाहिजे आणि पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी असले पाहिजे, असे संहिता सांगते. ज्या कारणासाठी १९४७ मध्ये चरख्याचा अर्धा भाग सोडावा लागला, ते कारण म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसणे. घाईने छापलेल्या ध्वजांत एका बाजूला चक्र गडद आणि दुसऱ्या बाजूला पुसट. कधी ते मध्यापासून सरकलेले, कधी वर्तुळाचे अंडे झालेले. तपासणी कोणी करायची होती?

माझ्या पाहण्यातल्या एका जिल्ह्यात मोहिमेचा दैनिक अहवाल पाठवायचा नमुना आला होता. रकाने होते: प्राप्त ध्वज, वाटप, विक्री, फडकवलेले ध्वज, अपलोड केलेली छायाचित्रे. गावोगावचे कर्मचारी रात्री उशिरापर्यंत आकडे भरत होते. त्या तक्त्यात ‘परत आलेले ध्वज’ हा रकाना नव्हता. ज्याला सरकारी कामाची थोडीशी ओळख आहे तो सांगेल, की ज्याचा रकाना नाही ते काम होत नाही. आपल्याकडे कार्यालयातली मोडकी खुर्चीसुद्धा जडवस्तू नोंदवहीत असते आणि तिच्या निर्लेखनासाठी प्रस्ताव करावा लागतो. खुर्चीला जी प्रक्रिया आहे ती राष्ट्रध्वजाला नसावी?

उंचीच्या शर्यतीलाही हेच लागू आहे. संहितेतल्या तक्त्यात ध्वजाचे नऊ आकार आहेत. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान टेबलावरचा, १५० बाय १०० मिलिमीटर. २००९ मध्ये गृह मंत्रालयाने अतिउंच खांबांवरील मोठे ध्वज पुरेशा प्रकाशात रात्री ठेवायला परवानगी दिली, आणि मग शहराशहरांत चढाओढ लागली. २०१६ मध्ये रांचीत २९३ फूट, २०१७ मध्ये अटारीला ३६० फूट, त्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात ३०३ फूट, २०१८ मध्ये बेळगावला ११० मीटर, २०२३ मध्ये पुन्हा अटारीला ४१८ फूट. रांची आणि अटारीचे ध्वज वाऱ्याने वारंवार फाटले, त्याच्या बातम्या आल्या. खांब हा भांडवली खर्च असतो, त्याचे उद्घाटन होते. ध्वज बदलणे हा आवर्ती खर्च असतो, त्याची तरतूद दर वर्षी मागावी लागते आणि त्याला प्रमुख पाहुणे मिळत नाहीत. प्रशासनात वावरलेल्या माणसाला यापुढचे सांगायला नको.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला असा, की ध्वज सरकारी इमारतींच्या तावडीतून सुटून लोकांकडे आला हे चांगलेच झाले; आता त्यावर पुन्हा नियमांचे ओझे कशाला? ध्वज लोकांकडे आला हे चांगले झाले, यात मला तिळमात्र शंका नाही. रायगढमधल्या आपल्या कारखान्यावर ध्वज लावू न दिल्यामुळे नवीन जिंदल न्यायालयात गेले आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणे हा नागरिकाचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच निकालात हा हक्क निरपवाद नाही आणि ध्वजाचा मान राखणारे नियम पाळले पाहिजेत, असेही आहे. १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अपमान प्रतिबंध अधिनियमात तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणजे एका हाताने आपण गरिबाच्या घरावर ध्वज दिला आणि दुसऱ्या हाताने तो फाटका राहिला तर त्याला धाक घालायला कायदा ठेवला. मान राखण्याचे साधन मधल्यामध्ये राहून गेले. ते साधन पुरवणे म्हणजे ओझे लादणे नव्हे.

दुसरा आक्षेप किमतीचा आणि संख्येचा. एवढी खादी येणार कुठून? वीस कोटी ध्वज गरग आणि उदगीरच्या मागांवर विणून होणार नाहीत, आणि खादीचा ध्वज मजुराला परवडत नाही. हे खरे आहे. म्हणून घरांवर साध्या यंत्रमागाच्या सुती कापडाचा ध्वज चालावा, असे मी म्हणेन. ते स्वस्तही आहे आणि जाळलेही जाते. परंतु सरकारी इमारतींची गोष्ट वेगळी आहे. त्यांची संख्या ठरलेली आहे, खरेदी सरकारच्या पैशाने होते, आणि तिथे स्वस्ताईचे कारण चालणार नाही. २०२१ च्या आदेशाने जिल्हाधिकारी कार्यालयालाही पॉलिएस्टरची मुभा दिली, ती देण्याचे कोणतेही कारण मला सापडत नाही. हातमागावर जगणाऱ्या ज्या बाया नांदेड, उदगीर, गरग, बेंगेरीत वर्षानुवर्षे हे एक काम निगुतीने करत आल्या, त्यांचा सर्वांत मोठा आणि हक्काचा ग्राहक सरकार होते. तोच ग्राहक बाजारात गेला.

हा ध्वज कोणी कसा मिळवला, हेही विसरू नये. १९२३ मध्ये नागपूरच्या दंडाधिकाऱ्यांनी सिव्हिल लाइन्समध्ये ध्वज घेऊन मिरवणूक काढण्यास मनाई केली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मागाहून वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, देशभरातून स्वयंसेवक आले, दीड हजारांहून अधिक लोक पकडले गेले, आणि १८ ऑगस्टला ध्वज त्या रस्त्यावरून गेला. रस्ता फार लांबचा नव्हता. लखनौतही अमीनाबादच्या झंडेवाला पार्कात १९३५ च्या ऑगस्टमध्ये ध्वज फडकवताना गुलाबसिंह लोधी गोळीने मारले गेले. या माणसांना ध्वजाच्या उंचीची आणि संख्येची चिंता नव्हती. त्यांच्या हातात तो एकच होता आणि तो खाली पडू द्यायचा नाही, एवढे त्यांना माहीत होते.

तेव्हा करायचे काय? माझ्या मते पाच गोष्टी, आणि त्यांतल्या एकीलाही कायद्यात बदल लागत नाही.

१. ध्वजसंहितेत सुधारणा करून सरकारी व निमसरकारी इमारतींसाठी हातकताईची, हातविणीची खादी पुन्हा सक्तीची करावी. जसा २०२१ मध्ये एका आदेशाने नियम गेला तसा एका आदेशाने परत येऊ शकतो.

२. प्रत्येक कार्यालयात ध्वजारोहण आणि ध्वजावतरणाची जबाबदारी कार्यभार वाटपाच्या आदेशात नावानिशी लिहावी. आज ती बहुधा चौकीदाराच्या सवयीवर चालते.

३. मोहिमेच्या तक्त्यात ‘परत आलेले ध्वज’ हा रकाना घालावा. टपाल कार्यालये ध्वज विकतात. तीच १६ ऑगस्टपासून महिनाभर ते परत घेऊ शकतात. ग्रामपंचायत आणि शाळेतही पेटी ठेवता येईल.

४. पॉलिएस्टरच्या ध्वजाची सन्मानाने विल्हेवाट कशी लावायची, याची लेखी रीत सांगावी. सांगता येत नसेल तर तो ध्वज वाटू नये.

५. नव्या उंच खांबाला मंजुरी देताना दहा वर्षांच्या ध्वजबदलाची तरतूद आधी दाखवावी. ती दाखवता आली नाही तर खांब मंजूर करू नये.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक सांगायचे आहे. बंगळूरला असा, दुबईला असा की लखनौला, तुमच्या मराठी मंडळाचा एक ध्वज बहुतेक ठिकाणी असतो. तो कोणाच्या घरी, कोणत्या कपाटात, कशात घडी करून ठेवला आहे हे मंडळातल्या चार जणांना ठाऊक असते, आणि १४ ऑगस्टला तो इस्त्री करून आणायचे काम एका ठरावीक माणसाचे असते. मंडळाला जे साधते ते सरकारला साधू नये असे काही नाही. ध्वज ज्याच्या नावावर आहे असा एक माणूस नेमा, संध्याकाळी तो उतरला की नाही हे त्याला विचारा, आणि उसवला असेल तर दुसरा देण्याची सोय करा. राष्ट्रध्वजाचा मान म्हणजे प्रशासनाच्या भाषेत एवढेच काम आहे, आणि ते रोजचे आहे.